विश्रामबागची वरची खोली

खोली बघायला गेले की मी दारात चप्पल काढत न्हाई. आधी काढायची. एकदा कराडात एका बाईनं दार उघडलं, मला वरपासनं खालपर्यंत बघितलं, दार लावून घेतलं आणि खिडकीत जाऊन उभी राहिली, ही जाते कवा ते बघायला. माझ्या चपलेचा अंगठा तुटका. पाय आत जाता जाईना. ती बघतीया, तिची सून बघतीया, आणि मी वाकून चप्पल ओढतीया. तवापासनं कानाला खडा लावला. आधी तुमी हो म्हणा, मग चपलेचं बघू.

मी साताऱ्यात राहते. मी कोण हाय हे सांगायची गरज पडत न्हाई, माणसं लांबनंच वळखतात. उंची बापाची, खांदे बापाचे, आवाज तर बापापेक्षा खर्जातला. बाप फौजेत होता. साडी तेवढी माझी. सकाळी बाजार मागते, म्हंजे दुकानादुकानातनं पैसे मागत फिरते, बाकीच्या टायमाला हायवेला धंदा करते. लाज वाटत न्हाई का, असं विचारणारे लय भेटतात. त्यातले निम्मे गिऱ्हाईकच असतात.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हंजे माझी गुरुबहीण. एकाच गुरूच्या आमी दोघी चेल्या. ती इस्लामपूरकडची, ऊसवाल्या घरातली. घरच्यांनी हाकललं तवा पिशवीत दोन ड्रेस आणि बारावीचं मार्कशीट घेऊन माझ्या दारात आली होती. दोन वर्षं माझ्या खोलीत राहिली. तिला जेवण रांधायला मी शिकवलं, साडी नेसायला मी शिकवलं, पोलीस आला की कुठल्या बाजूला पळायचं ते पण मीच शिकवलं. माझ्यावर एवढा जीव कुणाचा असंल तर तिचा, आणि माझा तिच्यावर.

पण देवानं तिला घडवलं निराळं. अंगानं बारीक, आवाज बारीक, चालणं असं की रस्त्यानं गेली तर कुणी मागं वळून बघत न्हाई. ज्यांच्याकडं कुणीच वळून बघत न्हाई त्यांना कळायचं न्हाई हे केवढं मोठं नशीब हाय ते. त्या नशिबावर तिनं सांगलीत विश्रामबागेला खोली मिळवली. घरमालकीण रिटायर झालेल्या शिक्षिका. नवरा वारलेला, पोरं पुण्याला. खाली काकू एकट्या, वर दोन खोल्या, त्यातली एक धाकटीची. काकूंना तिनं सांगितलं होतं, नवऱ्यानं टाकलंय, पार्लरात काम करते. टाकलेली बाई सांगलीत चालती, तिची दया येती. आमी चालत न्हाई. धंद्याला ती कराडला जायची, सांगलीत कवाच उभी राहायची न्हाई, आणि दिवस मावळायच्या आत घरी.

चार वर्षं झाली होती. काकू तिला डब्यात पुरणपोळी द्यायच्या. तिला ताप आला तर कपाळावर हात ठेवून बघायच्या. आमच्यातल्या कुणाच्या कपाळावर कुणी हात ठेवून बघितलाय, सांगा मला. काका गेल्यावर काकूंनी टिकली लावायचं सोडलं आणि कपाटात उरलेली पाकिटं धाकटीला देऊन टाकली. लांबट, मोरपंखी, मधी पांढरा खडा. आता असल्या मिळत न्हाईत. धाकटी रोज तीच लावायची. काकूंना कळलं असतं की ही कोण हाय, तर खोली गेली असती हे तर झालंच. पण खोलीबरोबर ती चार वर्षं बाई म्हणून जगली होती ते सगळं गेलं असतं. ती मला म्हणायची, "आक्का, हितनं निघाले तर मी परत उभी न्हाई राहणार." ती हे उगंच म्हणत नव्हती. एकदा तिनं जीव द्यायचा प्रयत्न करून बघितला होता, मनगटावर खूण होती.

मग आल्या मॅडम. संशोधन करायला.

कागद घेऊन येणारे आमाला नवीन न्हाईत. पण आधीच्यांचे प्रश्न सगळे कमरेखालचे. गिऱ्हाईकं किती, कंडोम वापरता का, रक्त द्या, अंगठा द्या, निघा. राहता कुठं, पाणी कुठनं आणता, मेलात तर खांदा कोण देणार, हे कुणी विचारलं न्हाई. ह्या मॅडम म्हणाल्या, ह्या वेळी प्रश्न तुम्हीच काढायचे, विचारायचेही तुम्हीच, आणि उत्तरांचा अर्थही तुम्हीच लावायचा. मी म्हणलं, मग तुमी काय करणार? त्या हसल्या. म्हणाल्या, मी चहा देणार. मला बाई आवडली. मी म्हणलं, एकच प्रश्न विचारायचा. खोली कुणी दिली आणि कुणी न्हाई दिली. बाकी सगळं त्यातच येतंय.

असं करून मी झाले समुदाय संशोधक. गळ्यात कार्ड, त्यावर फोटो. खोटं कशाला बोलू, ते कार्ड घालून मी दोन दिवस उगंच भाजी आणायला जात होते.

साताऱ्यात एका हॉलवर आमी सगळ्या जमलो. साताऱ्याच्या, कराडच्या, सांगली-मिरजेच्या. पांढरी चादर अंथरली. त्यावर मार्करनं हायवे काढला, कृष्णा काढली, गावं लिहिली, पेठा लिहिल्या. मॅडमनी शंभरदा बजावलं, नाव लिहायचं नाही, घर नंबर लिहायचा नाही, कुणाला ओळखता येईल असं काहीही ठेवायचं नाही. तशा कागदावर सगळ्यांच्या सह्यापण घेतल्या. जिथं खोली नाकारली तिथं काळा ठिपका, जिथं दिली तिथं रंगीत. त्यांनी रंगीत गोल कागद आणले होते, मागनं डिंक लावलेले. ते चादरीला चिकटंनात. पंख्याच्या वाऱ्यानं उडून पाक भिंतीला गेले.

आणि इथं माझ्या अकलेनं शेण खाल्लं. मी कपाळावरची टिकली काढली आणि चादरीवर दाबली. म्हणलं, घामात दिवसभर टिकती, कापडावर का न्हाई टिकणार? सगळ्या हसल्या. मग जिला जिथं खोली मिळाली होती तिनं तिथं कपाळावरची काढून लावली. नकाराला काजळाची डबी फिरवली, बोटानं ठिपका द्यायचा. मॅडम तर खूश, म्हणाल्या, ही तुमची स्वतःची पद्धत झाली. तासाभरात चादर काळी झाली. कराडवर बोट ठेवायला जागा राहिली न्हाई. सांगली काळी, मिरज काळी. सगळ्या मिळून टिकल्या इनमिन सात. विश्रामबागेवर काळ्या ठिपक्यांच्या मधी एकच, लांबट, मोरपंखी, पांढऱ्या खड्याची. धाकटीनं ती लावली तवा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती लाजली.

आता तुमी म्हणाल, एवढ्या बायका होत्या, एकीच्या तरी डोक्यात यायला पाहिजे होतं. तर ऐका. आमच्यात टिकली एकदा ठरली की कुणी बदलत न्हाई. पहिली टिकली लावली तवा प्रत्येकीनं मार खाल्लाय, कुणी बापाचा, कुणी भावाचा. एवढ्यातनं कपाळावर आलेली ती, ती रोज-रोज कशी बदलायची? हायवेला लांबनं कपाळ चमकलं की आमी सांगतो कोण येतीया. म्हंजे नाव लिहू नका म्हणून सह्या केल्या, आणि सातजणींनी स्वतःची वळख कपाळावरनं काढून नकाशावर चिकटवली. मॅडमना हे म्हाईत नव्हतं. आमाला म्हाईत होतं, पण इतकं म्हाईत होतं की दिसलंच न्हाई.

नकाशा लोकांना दाखवायचा कार्यक्रम विश्रामबागेतच ठरला, एका हॉलमधी. चादर गुंडाळून, जुन्या साडीत बांधून मी एसटीनं सांगलीला आणली. सोडून, ताणून, भिंतीला लावली. माणसं यायला लागली. वकील, महापालिकेचे कुणी, कॉलेजची पोरं, महिला मंडळाच्या बायका. मी मांडणी करणार होते, माईक माझ्याच हातात. तेवढ्यात धाकटीचा फोन.

"आक्का, काकू तिकडं निघाल्यात. महिला मंडळाचं बोलावणं हाय म्हणं. मला पण चल म्हणत होत्या, मी डोकं दुखतंय म्हणून पडलीया. नकाशावर माझं काय न्हाई ना?"

"नाव न्हाई, गाव न्हाई, काय न्हाई," मी म्हणलं. "बिनघोर झोप."

आणि फोन ठेवून मागं वळले. विश्रामबागेवर ती मोरपंखी टिकली, ट्यूबच्या उजेडात खडा असा चमकतोय की शेवटच्या रांगेतनं दिसावा. काकूंना मी फोटोत बघितलेलं, लगेच वळखलं. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पांढरी साडी, मांडीवर पर्स, चष्मा पुसत बसलेल्या. ती पाकिटं त्यांनी स्वतःच्या हातानं आणली होती, स्वतःच्या कपाळाला लावली होती. चष्मा घातला की झालं.

मी जाऊन नकाशाला पाठ लावून उभी राहिले. बरोबर विश्रामबागेवर. देवानं खांदे बापाचे दिले त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. बोलायला सुरुवात केली. काय बोलले देवाला ठावं. एक हात मागं नेला, नखानं चाचपत राहिले. चादरीची शिवण लागली, मार्करची रेघ लागत न्हाई हाताला, ठिपके तर न्हाईच न्हाई. घामानं बोट निसटतंय. मॅडम पहिल्या रांगेतनं म्हणाल्या, "जरा बाजूला होता का? नकाशा दिसत नाहीये लोकांना."

"व्हते, व्हते," मी म्हणलं आणि झाले न्हाई.

कॉलेजची पोरं खुसखुसायला लागली. काकूंनी चष्मा घातला. तेवढ्यात खडा बोटाला लागला. नख घातलं, ओढली, आली. मूठ मिटली आणि बाजूला झाले. तिथं आता नुसता चिकट डाग. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, मला वाटत होतं सगळा हॉल माझ्या मुठीकडंच बघतोय.

माझं बोलणं झालं. लोक उठून नकाशाजवळ आले. काकू पण आल्या, वाकून बघायला लागल्या. त्यांनी विश्रामबागेवर बोट ठेवलं, बरोबर त्या डागाशेजारी.

"आमच्या भागात एकही टिकली नाही?"

"नाही, इथं एक आहे," मॅडम म्हणाल्या आणि बघायला पुढं झाल्या. "इथं होती ना एक? मला चांगलं आठवतंय, सगळ्यांनी टाळ्या..."

"मिरजंची ती," मी म्हणलं. "तुमचा घोटाळा होतोय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. बाई हुशार. माझं तोंड बघितलं, मिटलेली मूठ बघितली, आणि गप्प बसल्या. पुढं अहवालात पण विश्रामबाग काळीच गेली. सगळ्यांनी मिळून जमवलेल्या खऱ्यातलं एक खरं मी स्वतःच्या हातानं खोडलं होतं. समुदाय संशोधक म्हणं.

सुटले असं वाटलं. सुटले असते पण. पण काकू माईकजवळ गेल्या. आवाज शाळेतल्या बाईंचा, स्पष्ट.

"मला एक सांगायचंय. हा नकाशा बघून वाईट वाटलं. पण आमच्या भागात कुणी विचारायलाच आलं नसेल, असं मला वाटतं. न मागता नकार गृहीत धरणं बरोबर नाही. माझ्याकडे वर एक खोली आत्ता रिकामी आहे. कुणी आलं असतं, तर मी दिली असती."

टाळ्या वाजल्या. आणि माझं डोकं फिरलं.

मला सांगा, न मागता? विश्रामबागेवर काजळाचे जे ठिपके होते, त्यातले तीन माझ्या बोटाचे. मी त्या रस्त्यांनी उन्हात फिरलीया, पाटी बघून बेल वाजवलीया, कुत्रं अंगावर सोडून घेतलंय. आणि ही बाई माईकवर उभी राहून आमालाच शिकवतीया की तुमी मागितलं न्हाई. नाकानं कांदे सोलणारी माणसं मला आधीच सोसत न्हाईत. वर त्या टाळ्या. जित्याची खोड, तोंड उघडलंच.

"मग उद्या येते बघायला," मी म्हणलं. माईकची गरजच नव्हती. "चालंल ना काकू?"

सगळा हॉल काकूंकडं वळला. त्यांच्या तोंडावर एकदा भीती आली, मला दिसली. पण बाई खमकी. "या की," म्हणाल्या. "सकाळी अकराला या."

पत्ता सांगितला. तो पत्ता मला पाठ होता. आणि पत्ता ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. त्या घरात, धाकटीच्या दाराला दार लागून, मी राहायला मागतीया.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला, काकूंनी घरी जाऊन तिला सगळं सांगितलं होतं. नुसती रडत होती. मग बोलायला लागली तवा थांबंना.

"तुझ्या तोंडाला कुलूप घालायला पाहिजे, आक्का. तू माझ्या शेजारी उभी राहिलीस ना, की संपलं. एकटी असते तवा कुणाला काय दिसत न्हाई. तुझ्या शेजारी उभी केल्यावर माझे हात दिसणार, माझा गळा दिसणार, चार वर्षांत त्यांनी न बघितलेलं सगळं दिसणार. तू मला तुझ्या शेजारी उभी करून दाखवतीयास."

खरं होतं. आपल्याच माणसाच्या शेजारी उभं राहणं हाच तिला धोका होता.

"मी येतच न्हाई," मी म्हणलं.

"न्हाई आलीस तर त्या तुला शोधत येतील. त्या तशाच हायत, शब्द दिला की झालं. मॅडमना फोन लावतील. तू ये, आणि नकार घेऊन जा."

नकार कसा मिळवायचा हे आमाला कुणी शिकवायला नको. दोन मिनिटं पुरतात. ठरलं असं की मी जमंल तेवढं वंगाळ वागायचं, काकूंनी हाकलायचं, आणि धाकटी वर दार लावून पडून राहणार. सुंठीवाचून खोकला जाईल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी खोली न मिळावी म्हणून देवापुढं हात जोडले.

सकाळी अकराला गेले. भडक लाल साडी, ओठाला तसलाच रंग, गालात पान. फाटकातच टाळी हाणली, आमची टाळी, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. काकू बाहेर आल्या. मी त्यांच्यादेखत मोगऱ्याच्या कुंडीत पिंक टाकली.

काकूंनी कुंडीकडं बघितलं. मग आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या.

"चूळ भरून घ्या," म्हणाल्या. "मी चहा टाकते."

काय करणार? चूळ भरली. आत गेले. खुर्चीवर बसवलं, कपबशीत चहा दिला, त्यांनी घेतला तसल्याच कपात. मी पायावर पाय टाकून बसले, मोठ्यानं बोलले, गिऱ्हाईकांचं बोलले, माझ्याकडं गडी माणसं येणार म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, इथं नाही यायची, त्यांना बाहेरच भेटायचं, एवढा माझा नियम. आणि पुढं म्हणाल्या, "खरं सांगू? मला भीती वाटते. काल हॉलमध्ये बोलून गेले आणि घरी येऊन पाय लटपटत होते. पण माझ्या वर्गात एक मुलगा होता. बायकी चालायचा म्हणून पोरं छळायची त्याला. मी पोरांना नाही रागावले. त्यालाच उठवून मागच्या बाकावर बसवलं. पुढच्या आठवड्यापासून तो शाळेत आला नाही. काल तुमचा नकाशा बघताना मला तो आठवत होता."

मला रागवायलासुद्धा जागा ठेवली न्हाई त्या बाईनं. काल माईकवर ऐकलं ते तोंडदेखलं न्हाई, हे मला तिथं बसून कळत होतं, आणि कळायला नको होतं. पाय मी कवा खाली घेतला माझं मला समजलं न्हाई.

"खोली देईन मी," काकू म्हणाल्या. "फक्त वर एक मुलगी राहते. न्हाणीघर दोघींत एकच आहे. तिला विचारल्याशिवाय नाही द्यायची."

"आजारी असंल ती, कशाला उठवताय," मी म्हणलं. तोंडातनं गेलंच.

"डोकं दुखत होतं काल. आज बरी आहे," काकू म्हणाल्या. माझं ते बोलणं त्यांच्या ध्यानात आलं न्हाई. जिन्याखाली जाऊन हाक मारली.

धाकटी खाली आली. पंजाबी ड्रेस, ओढणी गळ्याभोवती घट्ट, हात ओढणीच्या आत. कपाळ मोकळं. माझ्याकडं तिनं परक्यासारखं बघितलं. काकूंनी तिला माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मधी उभ्या राहिल्या. चष्म्यातनं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं. मी मान खाली घातली, खांदे पाडले, जेवढं लहान होता येतंय तेवढं झाले.

"ह्यांना खोली पाहिजे," काकू तिला म्हणाल्या. "तुला चालेल का?"

धाकटी जमिनीकडं बघत बसली.

"अगं, घाबरू नकोस. मीही घाबरले होते. माणसंच आहेत ती, आपल्यासारखी. घरच्यांनी टाकलेली. तू पण सोसलंयस, तुला कळेल त्यांचं."

धाकटीनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, ह्या वेळी परक्यासारखं न्हाई. तिच्या मनात काय चाललंय ते मला असं दिसत होतं जसं काय ती मोठ्यानं बोलतीया. सांगू का, आक्का? काकू अशा बोलतायत, आता सांगू का? माझ्या मनात दोन्ही एकदम आलं. सांग, सांगून टाक, एवढी चांगली बाई परत मिळायची न्हाई. आणि सांगू नको, ही आज चांगली हाय, उद्या शेजारच्या खिडक्या बोलायला लागल्या की हिचे पाय परत लटपटतील. मला फसवलंस म्हणंल, चार वर्षं फसवलंस. परकीला खोली देणं येगळं, कपाळावर हात ठेवलेल्या पोरीनं खोटं सांगितलेलं पचवणं येगळं. मी थोडी, अगदी थोडी मान हलवली. नको.

चुकले का बरोबर केलं, मला आजपण म्हाईत न्हाई.

"नको, काकू," धाकटी म्हणाली.

"का गं? एकदा बोलून तर बघ त्यांच्याशी."

"नको. त्या राहिल्या तर मी खोली सोडते."

काकूंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांचा शब्द गेला होता, त्या हटून बसल्या. "असं नको बोलूस. कारण तरी सांग. नुसती भीती हे काही कारण नाही."

मी धाकटीकडं बघत होते. तिच्या ओढणीच्या आत हात घट्ट झाले. मग ती एकदम शांत आवाजात बोलली.

"माझा नवरा असल्याच एकीपायी मला टाकून गेला, काकू. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती."

काकूंचं तोंड पांढरं पडलं. त्या चटकन पुढं झाल्या आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. धाकटी रडत होती, खरं रडत होती. आणि काकूंनी तिच्या डोक्यावरनं माझ्याकडं बघितलं. मघाशी चहा देताना जी नजर होती ती गेली होती. कराडच्या खिडकीतली नजर आली होती तिथं. मी वर्षानुवर्षं ती बघितलीया, मला वळखायला येळ लागत न्हाई.

मी उठले. धाकटी जिन्यावरनं वर गेली, मागं न बघता. वर कडी लागली.

काकू फाटकापर्यंत आल्या, माणुसकी म्हणून आल्या. "मला माहीत नव्हतं," म्हणाल्या. "माहीत असतं तर मी कालचं बोललेच नसते. तुमचा दोष नाही, पण आता माझ्याकडून नाही व्हायचं. तुम्हाला काय, दुसरीकडे मिळेल कुठंतरी. त्या पोरीला माझ्याशिवाय कुणी नाही हो."

"व्हय," मी म्हणलं. "तिला कुणी न्हाई."